वाढत्या अंगाची पेटी

काळी या कुत्रीला गाडीतून नव्या घरी न्यायचं म्हणून बाबा आणि लेक फळ्या जोडून पेटी बनवत होते. लेकीने बाबांच्या गळ्यातली टेप ओढून काळीच्या पोटाभोवती फिरवली आणि आधी घेतलेल्या मापापेक्षा मोठा आकडा सांगितला. "शिंप्याची पोर आणि माप कच्चं!" बाबा हसले. "कुत्री काय फुगा आहे, रोज फुगायला?" "वाढत्या अंगाचीच करा पेटी!" लेकीने हट्टच धरला. पेटी ऐसपैस झाली, पण काळी आत पाऊल टाकेना. "बसली नाही, तर शेजारच्या काकांकडेच ठेवायची," बाबांनी बजावलं. निघायच्या सकाळी काळी कुठेच दिसेना. हाका मारून लेकीचा घसा बसला. तेवढ्यात पेटीतून चूंचूं ऐकू आलं. वाकून बघतात तो काय! काळीच्या पोटाशी डोळे मिटलेली, पिटुकली पिल्लं लुचत होती. बाबांनी हळूच आपली टेप लेकीच्या गळ्यात घातली.