तामूची साक्ष

“ही मुलगी वर्गातून गेल्याखेरीज माझ्या दोघी या शाळेत पाऊल टाकणार नाहीत,” मोहल्ल्यात जिला मानाने लल्ला म्हणत ती बतूल म्हणाली आणि तिने आपली पर्स मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवून दिली. निकाल तिच्यापुरता लागला होता.

ही मुलगी म्हणजे विआम. वय वर्षे नऊ. ती आईला, तामूला, बिलगून उभी होती. सोमवारी शाळेची नर्स सुआद हिने तिच्या केसांतून बारीक फणी फिरवली, तेव्हा पांढऱ्या कागदावर सात उवा पडल्या. त्या दिवसापासून आपल्या मुलीचे डोके तपासू द्यायला वर्गातली एकही आई तयार नव्हती. तपासू देणे म्हणजे संशय मान्य करणे. आणि सेफ्रू गावाच्या या मोहल्ल्यात उवांचा संशय चोरीच्या संशयाहून हलका मानला जात नसे. आज बोलावलेल्या अकराही जणींनी एकच उत्तर दिले होते. आमच्या घरी नाहीत.

सुआदने सगळे पुन्हा एकदा शांतपणे सांगितले. ऊ स्वच्छ डोके आणि मळके डोके असा भेद करत नाही. डोक्याला डोके टेकले की ती चालत पलीकडे जाते. केस ओले करावेत, तेल चोपडावे, एकेक बट सुटी करून बारीक फणीने विंचरावी. दर दोन-तीन दिवसांनी हेच करावे, निदान दोन आठवडे, कारण राहिलेल्या लिखा मागाहून फुटतात. रॉकेलला हात लावू नये. मात्र सगळ्या घरांनी एकाच दिवशी सुरुवात केली पाहिजे. एक घर सुटले तर महिन्याभरात साऱ्या वर्गाची स्थिती पूर्ववत होईल. बायकांनी माना डोलावल्या. शेजारच्या गावातल्या रोगाविषयी ऐकताना डोलावतात, तशा.

बतूलला हे पटले नाही. एकीच्या पायी साऱ्यांच्या घरी दवंडी कशाला, असे तिचे म्हणणे. तामूचे कामच तसे; दिवसभर दुनियेचा मळ घासायचा आणि संध्याकाळी त्यातलाच थोडा पदरात बांधून घरी न्यायचा, असेही ती म्हणाली. मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

तामू हमामात, गावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांना न्हाऊ घालत असे. हे काम ती तीस वर्षे करत होती. मुख्याध्यापिकांनी पुढे सरकवलेल्या कागदाकडे तिने पाहिलेही नाही. तो विआमचे नाव कमी करण्याचा अर्ज होता. अंगठा उमटला की नदीपलीकडची शाळा; जाण्यायेण्याला दोन तास, वाटेत सोबत नाही. त्या शाळेत गेलेल्या मुली वर्षभरात घरी बसतात, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. तामूला सर्वांत अधिक. तिची थोरली तशीच बसली होती.

मुख्याध्यापिका न्यायी होत्या. कागदावर अंगठा घेण्यापूर्वी आरोपीला एकदा विचारले पाहिजे, असे त्यांना वाटले.

“तामू, दर गुरुवारी या सगळ्या आपापल्या मुलींसकट तुझ्याच हाताखालून जातात. आणखी कुणाच्या डोक्यात आहेत, तूच सांग. तू म्हणशील ते मी खरं धरीन.”

ही गोष्ट तोवर कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. लग्नाआधी या बाईने त्यांना न्हाऊ घातले होते, बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशीही तिनेच. हमामातले हमामाच्या उंबऱ्याआतच ठेवायचे, हा नियम तामूने कधी मोडला नव्हता. पण आज तिचे लेकरू पणाला लागले होते, आणि अशा वेळी नियम किती टिकतो, हे अकरा आयांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

तामूने मान वर केली. तिचा चेहरा सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळला. प्रत्येकीपाशी तो किंचित थांबत होता. मग तिने तोंड उघडले.

“माझ्या धाकटीच्या डोक्यात आहेत,” खिडकीजवळची शिंपीण घाईने म्हणाली. “दोन-चारच. पण आहेत.”

तिच्या शेजारणीने आपल्या मुलीचे सांगितले. तिसरीने मुलीचे आणि स्वतःचेही. दुसऱ्याच्या तोंडून नाव निघण्यापेक्षा आपल्या तोंडून निघालेले बरे, हा हिशेब एकीकडून दुसरीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. दहा जणी बोलून झाल्या. बतूल उरली.

तामूचा चेहरा तिच्या दिशेने वळून स्थिर झाला. बतूलने पर्स उचलली, मांडीवर घेतली, खिडकीबाहेर पाहिले. परत वळून पाहते तो चेहरा तिथेच.

“बघू नकोस गं अशी,” ती शेवटी म्हणाली. “ईदेपासून आहेत. दोघींच्या. माझ्याही. झालं समाधान?”

सुआदने लगेच सुरुवातीसाठी गुरुवार ठरवून टाकला. मुख्याध्यापिकांनी अर्जाचे दोन तुकडे केले आणि विआमला वर्गात जाऊन दप्तर घेऊन येण्यास सांगितले. उद्या वेळेवर यायचे, हेही सांगितले.

उताराच्या गल्लीत माणसांची वर्दळ संपली, तेव्हा विआमने आईचा हात ओढून विचारले, “आई, तुला त्या सगळ्यांचं ठाऊक होतं?”

तामूने गल्लीच्या भिंतीला हात टेकला.

“आता सांगते ते हमामच्या मालकिणीला कळू देऊ नकोस. तेच सांगायला मी तिथं तोंड उघडलं होतं,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली पोरी, नजर अधू झालीय; मला तुझ्या डोक्यातलीसुद्धा ऊ दिसत नाही.”