पत्र्याखालचे दोघे

दोन पुरुषांना मिळून खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी "आम्ही मावसभाऊ" असं सांगून शिंपी आणि बेकरीवाला एका काकूंच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आले. दरवर्षी उन्हाळा आदल्या वर्षावर कडी करत होता. यंदा तर पत्र्याखाली भाजून निघायला व्हायचं. काकू खाली गारव्याला बोलवायच्या, पण दोघं काहीतरी निमित्त काढून टाळायचे. माणसांत बसलं की चौकशा सुरू होतात.

एका दुपारी शिंपी भोवळ येऊन शिलाई मशीनवरच कोसळला. बेकरीवाल्याने त्याला उचलून थेट काकूंच्या स्वयंपाकघरात आणलं. काकूंनी डोक्यावर पाणी ओतलं, अंगावर ओली चादर टाकली. "राजा, डोळे उघड ना रे," म्हणत बेकरीवाला त्याच्या कपाळाचे मुके घेत ढसाढसा रडत होता. शिंप्याने डोळे उघडले आणि मग कुठे बेकरीवाल्याच्या ध्यानात आलं, की काकू समोरच उभ्या आहेत. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"वरची खोली आजच रिकामी करा," काकू म्हणाल्या.

"काकू, निदान एवढा उन्हाळा तरी..."

"अरे, उन्हाळा आहे म्हणूनच सांगतेय! माझी मागची खोली गार आहे, तिथे राहा. फक्त पलंग एकच आहे हं." काकूंनी कसंबसं हसू दाबलं. "मावसभावांची पंचाईत झाली असती. तुमची नाही होणार."