नसलेला ब्रेक

मी गाडी चालवायला घेतली की शेजारी बसलेले बाबा नसलेला ब्रेक दाबत राहतात. जन्मभर बस चालवलेला माणूस! मी विमान चालवायला शिकायचं काढलं, तेव्हा तर त्यांनी अबोलाच धरला. लायसन्स हातात आल्यावर आईने त्यांना अक्षरशः ढकलून विमानात माझ्या शेजारी बसवलं. चाकं जमिनीवरून सुटली आणि बाबांचा उजवा पाय खाली रुतला.

“बाबा, हवेत ब्रेक नसतो.”

पाय तसाच. पण वर ढगांपाशी पोहोचलो तेव्हा तो पाय कधीच सैल पडला होता आणि कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं होतं. परतताना धावपट्टी दिसली, मी विमान खाली घेतलं. बाबांनी पुन्हा पाय गच्च रोवला.

“घाबरू नका, उतरतोय आपण.”

“म्हणून तर दाबतोय! एवढ्यात कशाला उतरायचं?”