मागचा कॅमेरा

एवढी आलिशान गाडी घेतली, पण लालबागच्या आमच्या गल्लीतून रिव्हर्स काढायची वेळ आली की नेमका मागचा कॅमेरा मान टाकायचा. स्क्रीन काळी, सेन्सर मुका आणि मागून शाळेला निघालेली पोरं. शोरूमवाले दर तक्रारीला गोड हसायचे. "अपडेट येतोय, सर."

शेवटी आबाच खाली उतरले. बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यापासून ते खाटेवरून हलत नव्हते. आता रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीच्या मागे उभे राहतात. पोरांना बाजूला घेतात आणि "येऊ दे, येऊ दे!" करत अख्खी गल्ली दणाणून सोडतात. रस्ता आला की डबल बेल दिल्यासारख्या गाडीवर दोन थापा मारतात.

काल माझ्या बोंबाबोंबीला यश आलं आणि शोरूमने कॅमेरा बदलून दिला. आज रिव्हर्स टाकला, तर स्क्रीनवर आबा लख्ख दिसले. हात वर करून तयार.

मी स्क्रीनवर रुमाल टाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "आबा, मागचं काही दिसत नाहीये, येऊ का?"