शॉकवरची पट्टी

वडील जाऊन महिना झाल्यावर त्यांची जुनी माउंटन बाइक मी लॉइडच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात नेली. टॅम डोंगराच्या उतारांवर मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारं हवेचं नळकांडं, बोल्टपाशी झिजला होता. नवा बसवायचा होता. “हवा बसणाऱ्याच्या वजनावर ठरते. किती भरू?” लॉइडने विचारलं. “बाबांच्या वजनाइतकी.” “तो कुठे बसणार आता, पोरी?” लॉइडने जुना शॉक काढला. त्या शॉकच्या पोटाशी चिकटपट्टीवर वडिलांनी तारखा लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे स्वतःचं वजन. मार्चमध्ये एकशे ऐंशी पाउंड, ऑगस्टमध्ये एकशे चाळीस. आजार आम्हाला कळला नोव्हेंबरात. त्या उन्हाळाभर ते पंप घेऊन शॉकमधली हवा कमी-जास्त करत बसायचे. “फेका ते भंगार, बाबा,” मी चिडवायचे. “सील गळतंय गं, हवा जाते, दुसरं काही नाही.” लॉइडने पट्टी वाचली, जुन्या शॉकमध्ये हवा भरली आणि तो बादलीतल्या पाण्यात बुडवला. आम्ही वाकून बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.