खालचा माणूस

मेहुणा आजही सुट्टी होताच निघाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत पुस्तक. क्रेनवाल्याने ते वर केबिनमधून पाहिले आणि त्याचे डोके फिरले.

क्रेनवाला वर बसून लोखंडी तुळया उचलायचा. मेहुणा खाली उभा राहून त्याला वाट दाखवायचा. दोघांकडे वॉकीटॉकी होते, पण क्रेनवाल्याचा नुसता खरखरायचा. शेवटी त्याने तो बंद करून टाकला. तेव्हापासून मेहुणा हातांनीच खुणा करी.

"तुझा भाऊ रोज जातो कुठे?" रात्री जेवताना त्याने बायकोला विचारले.

"ट्रेनिंगला," ती ओरडून म्हणाली. हल्ली ती ओरडूनच बोले. माहेरचा विषय निघाला की आवाज चढायचाच, असे त्याने धरून ठेवले होते.

"कसलं ट्रेनिंग?"

"मला काय कळतंय त्यातलं. दाजींच्या कामाचंच आहे म्हणाला."

त्याने हातातला घास परत ताटात टाकला. याला कामाला मी चिकटवले आणि याचा डोळा माझ्याच खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याने टोमणा मारला, "पुस्तक वाचून क्रेन चालते वाटतं?"

"चालवणार तुम्हीच, दाजी," मेहुणा हसला. "मी आहे ना खाली."

हे गोड बोलणे त्याला जास्तच झोंबले. संध्याकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला.

"खाली दुसरा माणूस द्या. ह्याचं कामात लक्ष नसतं. उद्या कुणाच्या डोक्यात तुळई पडली तर मला बोलू नका."

साहेबांनी मेहुण्याला गोदामात पाठवले. त्या रात्री क्रेनवाल्याला छान झोप लागली.

सकाळी तो शिडी चढणार तोच साहेब जवळ येऊन पुटपुटले.

"काय म्हणालात?"

साहेबांनी तोंड त्याच्या कानाशी नेले. "तुमचा मेहुणा पास झाला. क्रेनला हातानं खुणा करायचा कोर्स. वॉकीटॉकी असताना कशाला शिकतोस, म्हणून मी त्याला हसायचो."

क्रेनवालाही हसला. म्हणजे खुर्चीला धोका नव्हताच. तो हलक्या पायांनी वर चढला, तुळई उचलली आणि आवारावरून फिरवायला घेतली.

खाली नवा माणूस उभा होता. एक हात खिशात, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. क्रेनवाल्याने आपला चालू केला. हिरवा दिवा लागला. नवा माणूस तोंड फाडून काहीतरी सांगत होता. क्रेनवाल्याने आवाजाचे बटण शेवटपर्यंत पिळले.

आज तो खरखरतसुद्धा नव्हता.