डॉटच्या पुढचं

"खोपटला काय होतं आज?" विनीतने विचारलं.

घोडबंदर रोडवर गाडी मघापासून जागच्या जागी उभी होती. पुढे पाण्याचा टँकर, मागे कंपनीची बस, डाव्या हाताला रिक्षांची रांग. काचा बंद, एसी चालू.

"खोपटला?" संचिता म्हणाली.

"दुपारी गेलेलीस ना. डेपोत." आवाजात राग नव्हता. भाजी काय आणू, असं विचारावं तसा सूर. "कोणीतरी बघितलं तुला."

लग्न झाल्यापासून हे कोणीतरी तिला बघतच होतं. दुकानात, दवाखान्यात, तलावपाळीवर. "ठाणं लहान गाव आहे, संचू," विनीत हसून म्हणायचा, आणि तिला ते पटायचं. हळूहळू ती रस्त्यातून चालताना लोकांची तोंडं बघायला लागली. ऑफिसातली प्राप्तीच आपल्या चहाड्या करते, असं मनात येऊन तिने प्राप्तीशी बोलणं टाकलं होतं.

पण आज डेपोत ओळखीचं कोणी नव्हतं. तिने नीट बघितलं होतं. ठाकुर्लीला राहणारी तिची थोरली बहीण हेमा तेवढी होती, गावाहून एसटीने परतलेली. विनीतला हेमा चालायची नाही, म्हणून या भेटीबद्दल संचिताने कोणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

"अगं, बोल ना."

"बँकेचं काम होतं," ती म्हणाली.

विनीतने मान हलवली. "बरं."

सकाळी ऑफिसात कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर सगळ्यांचा तास घेतला होता. शिकवायला आलेला मितेश फळ्यावर मोठा ठिपका काढून म्हणाला होता, "फाईलच्या नावाला भुलू नका. नाव कोणीही काहीही देतं. डॉटच्या पुढचं वाचा. फोटो असेल तर जेपीजी असेल, बिल असेल तर पीडीएफ. आणि फोटो म्हणून आलेल्या फाईलला पुढे एपीके असेल, तर तो फोटो नाही. ते अ‍ॅप आहे. उघडलंत की फोनमध्ये मुक्कामाला आलंच."

संचिताने फोन खिडकीकडे कलता धरला. डाउनलोडमध्ये गेली. पगाराची स्लिप, विजेचं बिल, पुन्हा बिल. बोट खाली खाली सरकत राहिलं. 'गणपती फोटो.'

डॉटच्या पुढे एपीके होतं.

ही फाईल लग्नानंतर लगेच विनीतनेच पाठवली होती. तिच्याकडून उघडेना, तेव्हा "आण इकडे" म्हणून त्याने फोन घेतला होता, दोन-चार ठिकाणी दाबलं होतं आणि "फाईलच खराब दिसतेय" म्हणून परत दिला होता. त्या गणपतीचे फोटो तिला कधी दिसलेच नाहीत. तीही मग विसरून गेली.

तिने सेटिंग उघडलं. फोन कुठे आहे हे कोणकोणत्या अ‍ॅपला कळतं, ती यादी काढली. नकाशा, टॅक्सी आणि त्यांच्याखाली 'सिस्टम सेवा' नावाचं एक अ‍ॅप. समोर 'कायम परवानगी'. माइकलाही कायम. मेसेजलाही.

त्या तासाला कोणीतरी विचारलं होतं, "मग लगेच काढून टाकायचं ना?" मितेश म्हणाला होता, "काढायचंच. पण काढलं की टाकणाऱ्याला कळतं. तो घरातलाच असेल, तर आधी स्वतःची सोय बघा, मग काढा." सगळे हसले होते. संचिताही.

आता तिचं बोट त्या बटणावर येऊन थांबलं. काढलं तरी त्याला कळणार, ठेवलं तरी कळणार. हेमाला फोन लावला तर तोही तो ऐकणार. तिला वाटलं, आपण श्वास घेतला तर तोही कुठेतरी उमटत असेल.

"कोणाला मेसेज करतेयस?"

"कोणाला नाही."

"बघू." नजर टँकरवर ठेवूनच त्याने हात पुढे केला.

त्या हातावर ती नेहमी फोन ठेवायची. आजही ठेवला. पान तसंच उघडं ठेवून.

विनीतने खाली बघितलं. टँकर जरासा पुढे सरकला, तरी त्याचा पाय हलला नाही. मागून हॉर्न वाजला.

"हे सगळ्याच फोनमध्ये असतं," तो म्हणाला. मग, "काळजी वाटते गं. म्हणून टाकलेलं."

संचिताने पट्टा काढला, पर्स उचलली आणि दार उघडलं.

"कुठे चाललीस? संचिता! अगं, रस्ता आहे हा!"

ती टँकरच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आली, दुभाजक ओलांडून पलीकडे गेली. विनीतने काच खाली घेतली होती. गाडी सोडून त्याला उतरता येईना. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला होता.

"फोन तरी घेऊन जा!" तो ओरडला.

पलीकडची वाहतूक सुरू होती. बसस्टॉपवर मासळीची रिकामी पाटी घेऊन एक बाई उभी होती. संचिताला धाप लागलेली बघून ती आपणहून सरकली.

"जरा फोन देता का तुमचा?" संचिता म्हणाली. "बहिणीकडे ठाकुर्लीला निघालेय. येतेय म्हणून सांगायचंय."

"नंबर सांग, मीच लावते."

संचिताने आकडे सांगायला सुरुवात केली. ते भराभर येत गेले, तोंडपाठ असल्यासारखे. बाई एकेक दाबत गेली. शेवटच्या आकड्याला संचिता अडली.

"लावू नका," ती म्हणाली.

"का गो? चुकला काय?"

स्टेशनकडे जाणारी बस वळणावर दिसत होती. संचिताने तिला हात केला.

"हा माझ्या नवऱ्याचा आहे," ती म्हणाली. "दुसरा पाठच नाही मला."